झाकली मूठ आणि किशोरांची नाटके

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नुकताच या व्यासपीठावर आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला. कोणी शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविले, कोणी वैद्यकीच्या वा स्थापत्याच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळविला. त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. हा समारंभ पाहत असता आमच्या मनात एक विचार आला, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. पारितोषिक म्हणजे केवळ पेला किंवा पाकीट नव्हे. ज्या समाजात ते दिले जाते त्या समाजाला कशाचे मोल वाटते, हे पारितोषिकावरून कळते. आपण गुणांचा गौरव करतो, कारण आपणांस विद्येचे मोल वाटते. हे योग्यच आहे. परंतु जगात अशीही काही पारितोषिके आहेत की जी मुलांच्या यशाकरिता नसून मुलांच्या दुःखाची, गोंधळाची आणि न बोललेल्या प्रश्नांची कहाणी प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांना दिली जातात. दूरचित्रवाणीवरील किशोरवयीन मुलांची नाटके आणि त्यांना मिळणारी ही पारितोषिके, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. दूरचित्रवाणीने मुले बिघडतात, त्यात आणखी परदेशातील नाटकांचे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी मनातल्या मनात विचारीत असेल. त्या प्रश्नाचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत. तूर्त एवढेच सांगतो की आपल्यापैकी कित्येकांची मुले आणि नातवंडे आज टोरांटो, न्यू जर्सी, लंडन येथील शाळांत शिकत आहेत. आणि जी येथे आहेत त्यांच्याही हातातील फोनवर तीच नाटके दिसत आहेत. तेव्हा ती काय पाहतात, हे जाणून घेणे आपल्याच हिताचे आहे.

प्रथम आपण कॅनडाकडे वळू. टोरांटो शहराच्या पूर्वभागात डीग्रासी नावाचा एक साधा रस्ता आहे. लिंडा शायलर नावाच्या एका शाळाशिक्षिकेने किट हूड यांच्या साहाय्याने १९७९ मध्ये त्या रस्त्यावरील मुलांच्या जीवनावर एक छोटा चित्रपट काढला. त्यातून पुढे ‘द किड्स ऑफ डीग्रासी स्ट्रीट’ ही मालिका झाली. १९८७ पासून ‘डीग्रासी ज्युनिअर हाय’, १९८९ पासून ‘डीग्रासी हाय’, आणि २००१ पासून ‘डीग्रासी : द नेक्स्ट जनरेशन’. एका शिक्षिकेने लावलेले हे रोप अशा रीतीने कित्येक दशके वाढत राहिले. शिक्षिका असल्यामुळे बाईंना एक गोष्ट ठाऊक होती. वर्गात फळ्याकडे पाहणारी मुले फळ्याचाच विचार करीत असतात असे नाही.

या मालिकांचे दोन नियम आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. पहिला हा की चौदा वर्षांच्या मुलीचे काम पंचवीस वर्षांच्या नटीने करावयाचे नाही. पात्राच्याच वयाच्या, आसपासच्या साध्या मुलामुलींना शिकवून तयार करावयाचे. आज ज्याची मुख्य भूमिका त्याने उद्या गर्दीत उभे राहावयाचे, असाही त्या संचाचा रिवाज होता. दुसरा नियम असा की कहाणी मुलांच्या दृष्टीने सांगावयाची. शेवटी कोणी काका वा मास्तर येऊन उपदेशाचा डोस पाजील आणि सारे सुरळीत होईल, असे त्यात सहसा घडत नाही. चुकीचे फळ ज्याचे त्याने भोगावयाचे आणि वाट ज्याची त्याने शोधावयाची, अशी ती मांडणी आहे.

१९८७ साली या मालिकेच्या ‘इट्स लेट’ नावाच्या भागाला आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले. अमेरिकेबाहेर तयार झालेल्या कार्यक्रमांना हे पारितोषिक देण्यात येते. त्या भागाची कथा अशी : स्पाइक नावाची एक शाळकरी मुलगी, एका मेजवानीच्या रात्री तिच्याकडून आणि तिच्या मित्राकडून संयम सुटतो, आणि काही दिवसांनी आपणांस दिवस गेले असावेत अशी भीती तिच्या मनात उभी राहते. कोणाला सांगावे? आईला सांगावे काय? कसे सांगावे? अर्ध्या तासाच्या त्या नाट्याचा गाभा ही भीतीच आहे. त्यात भडक दृश्य नाही, की तिला दुष्ट ठरविणारे भाषणही नाही. पुढल्या भागांत ती मूल वाढविण्याचा निर्णय घेते, आणि शाळा, मूल व गरिबी यांच्या ओढाताणीत तिचे कोवळे वय कसे करपते, हे प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिले.

याचा पुढचा दुवा फार विलक्षण आहे. २००१ मध्ये जेव्हा नवी मालिका सुरू झाली, तेव्हा तिची एक नायिका होती एमा. म्हणजे स्पाइकची तीच मुलगी, आता बारा वर्षांची. आईची भूमिका त्याच नटीने केली. पहिल्याच कथेत या एमाची संगणकावरून एका ‘मुलाशी’ ओळख होते. ती त्याला भेटावयास एकटी जाते आणि तो मुलगा नसून एक दुष्ट प्रौढ पुरुष निघतो. तिच्या मित्रमैत्रिणींनी वेळीच वडीलधाऱ्यांना सांगितले म्हणून ती बचावते. आई ज्या वयात एका संकटात सापडली, त्याच वयाच्या उंबरठ्यावर लेक दुसऱ्या संकटात सापडली. संकटाचे रूप बदलले; परंतु दोघींच्याही संकटाचे मूळ एकच होते. मनातली गोष्ट घरात सांगण्याची सोय नव्हती.

येथे आपल्या एका म्हणीची आठवण होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ आपल्या आजोबा-पणजोबांनी या म्हणीवर संसार केले. घरातले घरात राहावे, चव्हाट्यावर येऊ नये, ही त्यामागील भावना. तिच्यात कुटुंबाच्या अब्रूची काळजी आहे, आणि ती काळजी आम्ही क्षुद्र मानीत नाही. पुष्कळ कुटुंबे या झाकल्या मुठीमुळे पडत्या काळात तगून राहिली. परंतु मूठ जगापासून झाकणे वेगळे आणि घरातल्या घरात एकमेकांपासून झाकणे वेगळे. मुलाने बापापासून, लेकीने आईपासून मूठ झाकली की आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. आणि कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ज्या नाटकांना जगात आदराची पारितोषिके मिळाली, त्यांपैकी बऱ्याच नाटकांनी हीच मूठ उघडण्याचे काम केले आहे, असे आमच्या ध्यानी आले.

आता ही पारितोषिके देणारे कोण, हे थोडे समजावून घेतले पाहिजे, कारण सर्वच पारितोषिके एका मापाची नसतात. स्थूलमानाने त्यांचे तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग व्यवसायाच्या कसबाचा. अमेरिकेतील एमी हे त्यांपैकी प्रमुख. त्यात अभिनय, दिग्दर्शन, लेखन यांची पारख त्या त्या क्षेत्रातील मंडळीच करतात. येथे कसबाला मान असतो. कृती मुलांच्या हिताची आहे की नाही, हा प्रश्न मुख्य नसतो. उदाहरणार्थ, ‘युफोरिया’ या मालिकेतील कामाबद्दल झेंडाया या तरुण अभिनेत्रीला २०२० आणि २०२२ असे दोन वेळा एमी मिळाले. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या मुलीचे तिचे काम थोर आहे यात शंका नाही. परंतु ती मालिका शाळकरी मुलांविषयी असली तरी शाळकरी मुलांसाठी नव्हे, प्रौढांसाठी आहे. पारितोषिकाचे नाव ऐकून घरात कोणी ती बारा वर्षांच्या मुलापुढे लावील तर तो पारितोषिकाचा दोष नव्हे, आपल्या अविचाराचा होय.

दुसरा वर्ग विवेकबुद्धीचा. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाकडून देण्यात येणारे पीबडी पारितोषिक १९४१ पासून चालू आहे. येथे दर गटात एकाला दिलेच पाहिजे असे बंधन नाही; परीक्षकांचे एकमत झाले तरच कृतीची निवड होते. त्याचप्रमाणे १९७४ साली एलवूड कीझर या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘ह्युमॅनिटास’ पारितोषिक स्थापिले. ते नटाला वा निर्मात्याला नव्हे, तर लेखकाला मिळते. आणि ज्या लेखनातून माणसाची प्रतिष्ठा, त्याचे स्वातंत्र्य आणि त्याच्या जगण्याचा अर्थ यांवर प्रकाश पडतो, अशाच लेखनाला मिळते. कहाणीचे मूळ लेखकाच्या मनात असते, म्हणून गौरवही तेथेच व्हावा, ही कल्पना आम्हांस मोठी उचित वाटते.

तिसरा वर्ग केवळ मुलांच्या कार्यक्रमांचा. जर्मनीतील म्युनिक शहरी १९६४ मध्ये ‘प्री जनेस’ या पारितोषिकाची स्थापना झाली. दर दोन वर्षांनी देशोदेशींचे कार्यक्रम-निर्माते तेथे जमतात, एकमेकांचे कार्यक्रम पाहतात, वयोगटांप्रमाणे त्यांची चर्चा करतात आणि मग मतदान करतात. बंद खोलीत चारदोन परीक्षकांनी निकाल लावून मोकळे व्हावे, असे तेथे नाही. हा कार्यक्रम अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला कसा वाटेल, यात खरे किती आणि बेगडी किती, असा खल आधी उघडपणे होतो, आणि त्या चर्चेला पारितोषिकाइतकेच महत्त्व दिले जाते. अलीकडे २०१३ पासून मुलांच्या कार्यक्रमांकरिता वेगळे आंतरराष्ट्रीय एमी देण्यात येऊ लागले. आणि २०२२ साली अमेरिकेत मुले व कुटुंब यांसाठीचा स्वतंत्र एमी समारंभ प्रथमच झाला. त्यात किशोरांच्या मालिकेचा मान ब्रिटनच्या ‘हार्टस्टॉपर’ या मालिकेला मिळाला. दोन शाळकरी मुलांच्या मनात एकमेकांविषयी प्रेम उत्पन्न होते आणि त्या जाणिवेने ती कशी बावरतात, मित्र आणि घरची माणसे त्यांना कशी सांभाळून घेतात, याची ती सौम्य कहाणी आहे.

हे वर्गीकरण आम्ही मुद्दाम केले. आपल्या मुलांना काय दाखवावे याचा विचार करताना, पारितोषिक मिळाले आहे काय एवढेच न पाहता ते कोणी आणि कशाबद्दल दिले, हे पाहावे.

पारितोषिकांचे सामर्थ्य केवढे आणि त्यांची मर्यादा कोणती, हेही आपण पाहू. अमेरिकेत १९७२ पासून १९९७ पर्यंत ए.बी.सी. या वाहिनीवर ‘आफ्टरस्कूल स्पेशल’ या नावाने तासाभराची नाटके दाखविली जात. मुले शाळेतून घरी येऊन दप्तर टाकीत, ती वेळ साधून ती लावलेली असत. आईबापांची फारकत, घरातले मद्यपान, मादक द्रव्ये, मुलांना होणारी मारहाण हे त्यांचे विषय. १९७३ सालच्या एका नाटकाचे नावच ‘माझे वडील गावातल्या एका हॉटेलात राहतात’ अशा अर्थाचे होते. आईबाप विभक्त झाल्यावर त्या लहान मुलाच्या मनाचे काय होते, हे त्यात दाखविले होते. या नाटकांना वर्षानुवर्षे एमी पारितोषिके मिळत गेली, आणि मुलांच्या वेळेत मुलांच्या दुःखाविषयी बोलणे हे कमीपणाचे काम नव्हे, ही गोष्ट त्या व्यवसायात रुजली. पारितोषिकांचे सामर्थ्य ते हेच.

मर्यादेचे उदाहरण ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ या मालिकेचे. १९९४ च्या ऑगस्टात सुरू झालेली ही मालिका पंधरा वर्षांच्या अँजेला नावाच्या मुलीची. तिचे काम करणाऱ्या क्लेअर डेन्स हिला १९९५ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले. त्याच महिन्यात मालिकेचा एकोणिसावा भाग दाखविला गेला आणि तोच शेवटचा ठरला. पुढे वाहिनीने ती बंद केली. तथापि त्या एकोणीस भागांत रिकी नावाच्या एका मुलाची कथा होती. तो मुलांच्या रूढ साच्यात बसत नाही म्हणून घरातून मार खाऊन बाहेर पडतो; ऐन नाताळाच्या थंडीत त्याला निवारा नसतो; आणि अखेरीस एक शिक्षक त्याला आपल्या घरी आश्रय देतो. मालिका बंद झाली, परंतु रस्त्यावर उभा असलेला तो मुलगा प्रेक्षकांच्या मनातून गेला नाही. पारितोषिक मालिकेला वाचवू शकत नाही. ती मालिका पाहण्याजोगी होती याची नोंद मात्र ते ठेवते.

पुष्कळदा असेही होते की जे सांगावयास समाज कचरतो, त्याच ठिकाणी पारितोषिक उभे राहते. २००४ मध्ये ‘डीग्रासी’च्या एका कथेत शाळकरी मुलगी गर्भपाताचा निर्णय घेते. कॅनडात ती कथा दाखविली गेली. अमेरिकेतील वाहिनीने मात्र ती २००६ पर्यंत अडवून ठेविली. त्यानंतर २०१० साली याच मालिकेने अ‍ॅडम नावाच्या मुलाची दोन भागांची कथा दाखविली. त्याची जन्मतः नोंद मुलगी म्हणून झालेली, परंतु तो स्वतःस मुलगा मानतो. आजी भेटीस येणार म्हणून घरची माणसे त्याला ‘तेवढ्यापुरते’ मुलीचे कपडे घाल म्हणून विनवितात. घरातील कोणीही दुष्ट नाही. सर्वांचे त्याच्यावर प्रेमच आहे. आणि तरीही त्या एका विनवणीने त्याचे काळीज विदीर्ण होते. या कथेला पीबडी पारितोषिक मिळाले. भगिनींनो, ‘तेवढ्यापुरते’ हा शब्द आपल्या घरांतही किती वेळा उच्चारला जातो, याचा ज्याने त्याने विचार करावा. पाहुणे येणार आहेत, तेवढ्यापुरते हस. आत्याबाई विचारतील, तेवढ्यापुरते ‘ठीक आहे’ म्हण. मूल तेवढ्यापुरते म्हणते, आणि पुढे तेच बोलणे कायमचे होऊन बसते.

युरोपातील नॉर्वे देशाच्या सरकारी वाहिनीवर २०१५ ते २०१७ या काळात झालेल्या मालिकेचे नावच ‘स्काम’ असे होते. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ लाज. यूली आंडेम या लेखिका-दिग्दर्शिकेने मालिका लिहिण्यापूर्वी देशातील किशोरवयीन मुलामुलींच्या दीर्घ मुलाखती घेऊन त्यांच्या मनात काय चालते हे समजावून घेतले. चार पर्वांत चार मुलांच्या कथा झाल्या. त्यांत बळजबरीचा घाव मनात ठेवून वावरणारी एक मुलगी आहे. मित्रावर जडलेले प्रेम लपविणारा ईसाक नावाचा मुलगा आहे. आणि आपला धर्म निष्ठेने पाळीत शाळेतील मैत्रिणींत मिसळू पाहणारी साना ही मुसलमान मुलगी आहे. ईसाकची आई मनोव्याधीने ग्रस्त आणि अतिशय धर्मभोळी. तिला सांगितले तर काय होईल, या धास्तीने तो महिनोन्‌महिने गप्प राहतो. शेवटी धीर करून तो तिला निरोप पाठवितो, आणि उत्तर येते ते निखळ मायेचे. ज्या दाराशी जाण्यास तो भीत होता ते दार उघडेच होते. आम्हांस वाटते, आपल्याही पुष्कळ घरांची दारे अशी उघडी आहेत. ती उघडी आहेत हे मुलांना सांगावयाचे मात्र राहून गेले आहे.

या मालिकेला नॉर्वेत मानाची पारितोषिके मिळालीच; परंतु २०१६ मध्ये तिला उत्तरेकडील देशांतील एका संस्थेने भाषेचेही पारितोषिक दिले. कारण काय, तर डेन्मार्क आणि स्वीडन येथील तरुण मुले केवळ ही मालिका पाहण्याच्या ओढीने शेजारच्या देशाची भाषा समजून घेऊ लागली. आपली नातवंडे मराठी बोलत नाहीत अशी तक्रार या संमेलनात दरवर्षी होते. मुलांच्या खऱ्या प्रश्नांविषयी त्यांच्या खऱ्या बोलीत जर मराठीत कोणी लिहिले, तर मुले आपण होऊन भाषेकडे येतील, असा याचा बोध आहे.

आता मघाचा आक्षेप घेऊ. अशा नाटकांनी मुलांच्या मनात नाही नाही ते भरते, असे पुष्कळांस वाटते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. २०१७ मध्ये ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेत एका मुलीच्या आत्मनाशाचे दृश्य तपशिलाने दाखविले होते. त्यावर डॉक्टरांनी आणि पालकांनी कडक हरकत घेतली. अखेर २०१९ च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य कायमचे वगळले. हेतू चांगला असला तरी दाखविण्याची रीत चुकली की कोवळ्या मनाला इजा होऊ शकते, हे यावरून सिद्ध होते. परंतु यावरून त्या विषयावर बोलूच नये असे निष्पन्न होत नाही. औषधाचे प्रमाण चुकले म्हणून वैद्यक सोडून देता येत नाही. जाणत्या परीक्षकांच्या पारितोषिकांचा उपयोग नेमका येथेच आहे : धीट कोणते आणि केवळ भडक कोणते, यांतला भेद ते आपणांस दाखवितात.

अगदी अलीकडची गोष्ट सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. २०२५ च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅडोलसन्स’, म्हणजे पौगंडावस्था, या नावाची चार भागांची ब्रिटिश मालिका आली. तेरा वर्षांच्या जेमी नावाच्या मुलाला आपल्याच शाळेतील एका मुलीच्या हत्येबद्दल पोलीस पहाटे घरातून धरून नेतात, तेथे तिचा प्रारंभ होतो. प्रत्येक भाग एका सलग चित्रीकरणात केलेला आहे. कोठेही तोड नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला नजर वळविण्यास उसंत मिळत नाही. त्या वर्षीच्या १४ सप्टेंबरला झालेल्या एमी समारंभात मर्यादित मालिकांच्या गटातील सर्वोत्कृष्ट मालिकेचा मान तिला मिळाला. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांचीही पारितोषिके मिळाली. जेमीचे काम करणारा ओवेन कूपर हा पंधरा वर्षांचा मुलगा अभिनयाचे एमी मिळविणारा सर्वांत लहान पुरुष नट ठरला. ब्रिटनमधील माध्यमिक शाळांना ही मालिका विनामूल्य दाखविण्याची सोय करण्यात आली आणि पंतप्रधानांनी त्या योजनेचा पुरस्कार केला.

आम्हांस त्या मालिकेचा चौथा भाग सर्वांत बोचला. त्यात खून नाही, न्यायालय नाही. केवळ घरातली माणसे आहेत. बाप कष्टाळू, नळकाम करणारा. त्याच्या बापाने त्याला पट्ट्याने मारले होते, म्हणून आपण मुलावर हात उगारणार नाही असा त्याने पण केला होता आणि तो पाळलाही. आई प्रेमळ. दोघे एकमेकांस विचारतात, आपले चुकले कोठे? मुलगा रात्र रात्र आपल्या खोलीत संगणकापुढे असे. खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटत होते. त्या खोलीत मुलीबाळींविषयी विखार पसरविणारे सारे जग शिरले होते, याची त्यांना वार्ता नव्हती. सज्जनांनो, घरातल्या खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, हे वाक्य आपणांपैकी कोणी उच्चारले नसेल काय? आपण मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी या म्हणून सांगतो, मुलांना वाईट संगतीपासून जपतो. परंतु आज संगत दारावाटे येत नाही.

अशा कहाण्यांची पारख आपल्याला नवी नाही. आपल्या देशात १९५४ मध्ये चित्रपटांसाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले तेव्हा ते मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. एका गरीब घरातील मुलाच्या चुका, त्याची लाज आणि त्याच्या आईचे कठोर प्रेम, हाच त्याचा विषय होता. थोर पराक्रमाची गाथा बाजूस राहून एका माजघरातील माय-लेकरांच्या कहाणीला देशाने पहिला मान दिला, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा. तेव्हा आज आम्ही जे मागत आहोत ते परदेशाचे अनुकरण नव्हे.

आम्ही काय मागतो, ते थोडक्यात सांगतो. प्रथम, घरोघरी एवढे व्हावे की मुलाच्या वयाला साजेल अशी एखादी नावाजलेली मालिका आईबापांनी मुलासह बसून पाहावी. पाहून झाल्यावर लगेच तात्पर्य सांगू नये. ‘बघ, असे केले की असे होते,’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. ‘त्या मुलीने आईला का सांगितले नसेल?’ एवढेच विचारावे आणि मग गप्प बसावे. पडद्यावरील मुलाविषयी बोलता बोलता आपले मूल स्वतःविषयी बोलू लागते. मुलाला थेट प्रश्न विचारला की ते अंग चोरते. परक्याच्या गोष्टीच्या आडोशाने मात्र ते पुष्कळ सांगून जाते.

दुसरे, आपल्या मंडळास आमची नम्र विनंती आहे. पुढील वर्षीच्या संमेलनात गुणगौरवाच्या जोडीला आणखी एक पारितोषिक असावे. आपल्या ज्ञातीतील बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी घरातील वा शाळेतील एखाद्या खऱ्या प्रश्नावर छोटी नाटिका लिहावी आणि स्वतःच करावी. मुलगा-मुलगी यांत होणारा भेद, गुणांचे ओझे, आजोबांचे आजारपण, वडिलांची सुटलेली नोकरी, लग्नाच्या बाजारात तोलला जाणारा बहिणीचा वर्ण, यांपैकी विषय कोणताही चालेल. त्यात वडील मंडळींनी शब्द घालू नयेत. म्युनिकच्या धर्तीवर आधी सर्वांनी बसून चर्चा करावी, आणि परीक्षकांत निम्मी मुलेच असावीत. पारितोषिकाची रक्कम लहान असली तरी चालेल. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या मुलास एवढे कळले म्हणजे पुरे की माझ्या गुणपत्रिकेइतकेच माझ्या मनातील गोष्टीलाही या माणसांच्या लेखी मोल आहे.

यास कोणी म्हणेल, ज्ञातीच्या व्यासपीठावर घरची धुणी कशाला धुवावयाची? आमचे उत्तर असे की ज्ञातिसंस्था स्थापन झाल्या त्या वसतिगृहे काढावयास, शिष्यवृत्त्या द्यावयास, अडल्यानडल्यास हात द्यावयास. ज्या काळी मुलांस फीची अडचण होती, त्या काळी वडीलधाऱ्यांनी फी दिली. आज पुष्कळ घरांत फीची अडचण नाही. अडचण आहे ती बोलण्याची. ज्या काळाची जी अडचण, त्या काळी ती दूर करणे, हेच आपल्या पूर्वसूरींचे खरे अनुकरण होय.

झाकली मूठ जगापुढे सव्वा लाखाची असेल. ती खुशाल झाकलेली राहो. परंतु मुलाने आपल्या आईबापांपुढे ती उघडली, तर आत सव्वा लाख नसून एक कापरा हात आहे असे दिसेल. आणि तो हातात घेण्यासाठीच तर आपण आहोत.